भागोजीचं नाव

"बाई, नाव घ्या. नावाशिवाय मत धरता येत नाही," कचेरीतून आलेले साहेब पुन्हा म्हणाले.

मनुबाईने नुसता पदर सारखा केला. नव्या ग्रामपंचायतीच्या सात सभासदांतून सरपंच ठरायचा होता. तिचा नवरा भागोजी आणि सुक्या मासळीचा व्यापारी तुळशीराम, दोघांना तीन-तीन मतं पडली होती. उरलं तिचं एकटीचं. आधी हात वर करून मोजायला घेतलं होतं. पण त्यातला एक सभासद, दयाराम, दोघांच्याही वेळेला हात वर करून मोकळा झाला. वाईटपणा कोण घेतो? मग साहेबांनी ठरवलं, तोंडानंच नाव सांगा.

बायकांच्या राखीव जागेवर तिला उभं केलं भागोजीनेच. घरचं मत, जातंय कुठं! कोळीवाड्यात गोड्या पाण्याची बाव खोदा, म्हणून ती त्याच्या कानीकपाळी ओरडून थकली होती. डोंगरापलीकडून हंडे आणून बायांच्या माना मोडत होत्या. भागोजीचं एकच, आधी पंचायतीला कौलारू ऑफिस, मग बघू.

"नवऱ्याचं नाव घेत न्हाईत आमच्यात," मनुबाई म्हणाली.

"मग नुसतं बोट दाखवा."

"बोट दाखवून पापलेट घेतात, साहेब. सरपंच न्हाय."

खिडकीशी दाटलेल्या बाया फिसकन हसल्या. तुळशीराम पुढे सरसावला. "मग माझं घे की, वयनी! माझ्या नावाला कुणाची आडकाठी?"

"व्हय, भावजी. तुमचं सरळ घेता येईल."

भागोजी घाईघाईने मध्ये पडला. "अगं, उखाण्यात घे! लग्नात घेतलं होतंस तसं!"

मनुबाई उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला. "डोईवरचा हंडा उतरंल, दारात येईल बाव..." आणि थांबली.

"पुढं?" साहेबांनी विचारलं. त्यांना आगरदांड्याची लाँच गाठायची होती.

"पुढचं यांच्या हातात हाय. बाव येणार का न्हाय ते यांनी सांगावं. खोट्या उखाण्यात मी नाव घालत न्हाय."

भागोजीने तुळशीरामाकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. "पयलं काम बावीचं. ऑफिस मागनं. सगळ्यांदेखत सांगतो."

"...गोड पाणी पाजतील गावाला, भागोजीरावांचं घेते नाव!"

साहेबांनीसुद्धा टाळी वाजवली.

संध्याकाळी नवे सरपंच गळ्यातला हार खुंटीला टांगून चुलीपाशी बसले. मनुबाईने कालवणातली मोठी तुकडी नवऱ्याच्या ताटात घातली.

"काय गं," भागोजी म्हणाला, "घरात दोघंच असलो की 'ए भागोजी, लाकडं फोड' म्हणून बोंबलतेस. आजच कुठली लाज आडवी आली?"

"घरात माझ्या हाकेवाचून तुझं काय अडतंय?" मनुबाई म्हणाली. "तिथं अडलं होतं. जेव आता, भागोजी."