घरच्या माणसाचं कुलूप

दवाखान्यातून तिसऱ्यांदा फोन आला, तरी मुकुंदराव टिळेकर स्वतःच्याच कॉम्प्युटरसमोर चोरासारखे उभे होते. सकाळी चहा करताना त्यांच्या पत्नी मालिनीताईंना हृदयविकाराचा झटका आला होता आणि डॉक्टरांना हवे असलेले त्यांचे जुने रिपोर्ट याच कॉम्प्युटरमध्ये होते.

पासवर्ड चोरीला जातात म्हणून मुकुंदरावांनीच हौसेने कॉम्प्युटरला हे नवं कुलूप बसवून घेतलं होतं. ते दिवसभर घरातलं बोलणं ऐकायचं आणि त्यावरूनच प्रश्न विचारायचं. परक्याला उत्तर येणंच शक्य नाही, असं ते चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे.

“मालिनीताईंचं या आठवड्यात काय दुखत होतं?” कुलपाने विचारलं.

“डोकं.”

“चूक.”

“मग गुडघे असतील. नाहीतर कंबर!”

“चूक.”

दवाखान्यात न्यायचा थर्मास भरत असलेल्या स्वयंपाकाच्या बाई आतूनच म्हणाल्या, “डावा खांदा. सोमवारपासून सांगत होत्या. काल तुम्ही पेपर वाचत होतात, तेव्हा तुम्हालाही म्हणाल्या की.”

“बरोबर. नमस्कार, गोदाबाई,” कुलूप म्हणालं.

सहा वर्षांत मुकुंदरावांनी हे नाव कधी विचारलं नव्हतं.

“गोदाबाई, कॉम्प्युटरजवळ एक अनोळखी गृहस्थ उभे आहेत. त्यांच्यासमोर मालिनीताईंचे रिपोर्ट उघडू का?”

पदराला हात पुसत गोदाबाई बाहेर आल्या. मुकुंदरावांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

“उघड बाबा,” त्या हळूच म्हणाल्या. “ताईंचे मिस्टर आहेत ते.”