एक बटण जास्त

सोनिवलीच्या हरिचंद्र शेठनी आपल्या लेकीचं, जिज्ञासाचं लग्न थेट काशीदच्या समुद्रकिनाऱ्यावर लावलं आणि शूटिंग दिलं कात्रपच्या मिलिंदला. पांढरे पडदे, वाळूत फुलांची वाट, मागे मावळता सूर्य. असलं लग्न सोनिवलीत कुणाच्या बापजन्मात झालं नव्हतं. रविवारी अंगणात पडदा लावून अख्ख्या गावाला कॅसेट दाखवायचं ठरलं होतं.

शनिवारी मिलिंदने स्टुडिओत कॅसेट लावली आणि झालेला घोळ त्याच्या लक्षात आला. कॅमेरा चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच. समोरच्या सूर्याने डोळे दिपलेले, स्क्रीनवरचं काही दिसत नव्हतं, आणि सुरुवातीलाच कधीतरी ते एकदा जास्त दाबलं गेलं होतं. तिथून सगळं उलटं झालं. मंगलाष्टकं, हार, अक्षता, काही म्हणजे काही आलं नव्हतं. कॅमेरा बंद आहे समजून तो हात खाली सोडायचा, तेवढ्याच वेळची वाळू आणि लोकांचे पाय रेकॉर्ड झाले होते.

"मेलो!" म्हणत तो कॅसेट पुढे पळवत राहिला, निदान नवरीचा एक हसरा चेहरा तरी सापडेल म्हणून. सापडली ती मेंदीची दोन पावलं, त्यांच्यासमोर शेठच्या नव्या कोल्हापुरी चपला, आणि जिज्ञासाचा दबका आवाज.

"बाबा, पाया पडते, मला नाय करायचं हे लगीन. घरी चला ना."



"गप बाय, रडू नको. त्याचा कॅमेरा चालू झाला की हस."