जंक्शनचा गोळा

अरे ऐका ना, काल आमच्या जंक्शनला शंभर वर्षं झाली म्हणून प्रदर्शन होतं! मोठ्या साहेबांनी जुने कंदील, शिट्ट्या सगळं स्वतः काचेच्या कपाटात मांडलं, कुलूप घातलं आणि पाहुण्यांना गाडीने आणायला मागच्या स्टेशनवर गेले.

इकडे स्टेशनमास्तर, म्हणजे आमचे बाबा, घामाघूम. रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला देतात तो टेबलावरचा लोखंडी गोळा गायब! तो यंत्रात परत टाकल्याशिवाय मागच्या स्टेशनवरून गाडी सुटतच नाही.

"नाही मिळाला तर नोकरी गेली समज," बाबा पुटपुटले.

आणि दिसला! कपाटात, कंदिलाशेजारी. बाबांनी साहेबांना फोन लावला.

"काच फोडाल तर खबरदार! किल्ली माझ्या खिशात आहे, आलोच मी."

 

आणि फोन ठेवता ठेवता साहेबच म्हणाले, "फक्त आमची गाडी का सोडत नाहीयेत, तेवढं बघा!"