शेवट एकत्र बघायचा

सात वर्षांत या मालिकेचा एकही भाग आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांशिवाय पाहिला नव्हता. आज शेवटचा भाग. नायिकेचं बाळ काचेच्या पेटीत निपचित पडलं होतं. मी उशी घट्ट आवळली.

"घाबरू नकोस, वाचतं ते," नवरा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तू आधीच पाहिलास! कुणाबरोबर? ऑफिसातल्या त्या मैत्रिणीबरोबर ना? रोज जेवणाच्या सुट्टीत तिला गोष्ट सांगतोस, तेवढं पुरलं नाही?"

"एकटाच पाहिला. दुपारी मोबाइलवर, गाडीत बसून." त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. "आपल्या बाळासारखं याचंही झालं असतं, तर टीव्ही बिघडलाय म्हणून सांगणार होतो."