फोनवरचं ‘येते’

फोन हातात घेतला की आमच्या सूनबाईंना घाम फुटतो. नोकरी मागायला आपणच फोन लावायचा आणि समोरच्याला विचारायचं, “कोण बोलतंय?” ही काय रीत झाली? काल एकाने त्यावरच फोन आपटला.

मी चौथी नापास, पण रीत कळते. पोराचा कारखाना दिवाळीत बंद पडला, तेव्हापासून घरात कमावणारं कुणी नाही. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी, ही जाहिरात मीच अक्षरं लावून लावून वाचली. सकाळपासून सुनेला, वैजूला, पढवलं, “आधी नमस्कार म्हण, मग नाव सांग, मग जाहिरातीचं विचार. पगाराचं चुकूनही नाही.”

तिने नंबर लावला. मी स्पीकर चालू करायला लावला आणि कान देऊन बसले. नमस्कार, नाव, जाहिरात, सगळं नीट झालं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “बऱ्याच जणींचे फोन आलेत हो. बघू, कळवू.”

वैजू इतकी गोंधळली, की शेजारणीच्या घरून उठावं तसं बोलून गेली, “बरं, येते मी.”

मी कपाळाला हात लावला. पलीकडे बाई हसल्या. “येते म्हणता? मग या उद्या दहाला. स्वयंपाक करून दाखवा.”

वैजूने फोन बंद केला. मी म्हटलं, “फोनवर ‘ठेवते’ म्हणतात गं, बावळट! आता उद्या तिथून निघताना ‘ठेवते’ म्हणाली नाहीस म्हणजे मिळवलं.”