सरदारांचा मुजरा

मुलांनो, डोळे मिटून एका सिनेमाचं शूटिंग बघा बरं. जरीचा अंगरखा घातलेले एक सरदार पलंगावर पडलेत. कवी मोठे, पण दारूत आणि नाचगाण्यांत त्यांनी आयुष्य घालवलंय. मरताना ते मुलीला शेवटची कविता ऐकवतात. सरदार झालेत सत्तरीचे अच्युतराव आणि मुलगी झालीय नऊ वर्षांची शर्वाणी.

कविता अर्ध्यावर आली की अच्युतराव ओळ विसरत. चार टेक वाया गेले. दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "काका, आता शेवटचं. नाही जमलं तर उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल."

पाचव्या टेकलाही ते तिथेच अडले. या प्रसंगात शर्वाणीला एकही वाक्य नव्हतं. तरी सरदारांची लेक बनूनच ती रुसून म्हणाली, "आबासाहेब, मैफलीत सगळ्यांना ऐकवता. मलाच नाही कधी! 'उधळून दिली मी दौलत सारी', पुढे काय?"

अच्युतरावांचे डोळे भरले. तिचा हात धरून ते म्हणाले, "उरले हाती बोट तुझे." आणि कविता पूर्ण झाली.

"हाच टेक ठेवायचा!" दिग्दर्शिका ओरडली.

अच्युतराव पलंगावरून उतरले. सरदार कधी लेकराला मुजरा करत नाहीत. पण त्यांनी कमरेत वाकून शर्वाणीला तीनदा मुजरा केला. "वाचवलंस गं मला," ते म्हणाले.

शर्वाणी लाजली. मग पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजोबा, उद्याच्या संवादांची पानं काढा. तुम्ही म्हणा, मी ऐकते."