धारेआधीची फुली

"पाचला पायथा सोडायचा आणि अकराला डोंगराची धार ओलांडायची," वैजयंतीने नकाशावर पेन्सिल टेकवली. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गमावल्यापासून तीन वर्षं ती डोंगरावर गेली नव्हती.

"ताई, धार फार अरुंद आहे," ट्रेक नेणारे बळवंतराव तिच्या कृत्रिम पायाकडे न बघता म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात. आठ महिने मी पाठीवर ओझं घेऊन रोज टेकडी चढतेय."

"आणि धारेवर पाय दुखला तर?"

डॉक्टरांनी, नवऱ्यानेही हेच विचारलं होतं. 'नाही दुखणार,' असं तिने दोघांनाही ठणकावलं होतं. आज मात्र तिने धारेच्या अलीकडे, पाण्याच्या टाक्यापाशी, फुली मारली.

"इथवर यायला साडेआठ वाजून गेले किंवा पाय दुखू लागला, तर मी स्वतःच मागे फिरेन."

बळवंतरावांनी फुलीवर बोट ठेवलं.

"वीस वर्षं माणसं नेतोय. परतायची जागा आधी कुणीच दाखवत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी रविवारच्या यादीत तिचं नाव लिहिलं. "काठ्या मात्र दोन आणा."